वैऱ्याचे गाढव ओझ्याखाली पडते तेव्हा

प्रभु येशूने पर्वतावरील प्रवचनात वैऱ्यांवर प्रीती करण्याची आज्ञा दिली तेव्हा त्याच्या श्रोत्यांना वैरी शोधावयास दूर जावे लागत नव्हते. रोमी शिपाई वाटेत कोणालाही धरून आपले ओझे वाहावयास लावी. जकातदार ठरल्याहून अधिक वसूल करी. अशा माणसांवर प्रीती? ही आज्ञा ऐकण्यास सुंदर परंतु पाळण्यास अशक्य, असे आजही अनेक प्रामाणिक ख्रिस्ती जनांना वाटते. यास्तव तिचा अर्थ शास्त्रवचनांच्या आधारे काळजीपूर्वक पाहणे बरे.

येशूने प्रथम एका प्रचलित शिकवणीचा उल्लेख केला: शेजाऱ्यावर प्रीती आणि वैऱ्याचा द्वेष. (मत्तय ५:४३) यातील पहिला भाग लेवीय १९:१८ मध्ये आहे. दुसरी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात कोठेही आढळत नाही. मात्र तसा विचार त्या काळी शिकविला जात होता. मृत समुद्राजवळ कुमरान येथे १९४७ पासून सापडलेल्या गुंडाळ्यांमध्ये एका यहुदी पंथाची नियमावली आहे. प्रकाशाच्या पुत्रांवर प्रीती व अंधाराच्या पुत्रांचा द्वेष करावा, असे ती शिकविते. मग वैऱ्याशी कसे वागावे याविषयी नियमशास्त्र स्वतः काय म्हणते?

वेशीतील प्रतिवादी

निर्गम २३:४, ५ उघडून पाहा. वैऱ्याचा बैल किंवा गाढव भटकलेले दिसले तर ते त्याच्याकडे पोहोचवावे. आपला द्वेष करणाऱ्याचे गाढव ओझ्याखाली पडले असेल तर पाठ न फिरविता त्याला साहाय्य करावे. आता या वचनांच्या मागेपुढे काय आहे ते लक्षात घ्या. १ ते ३ या वचनांत खोटी साक्ष व पक्षपात, ६ ते ८ मध्ये विपरीत न्याय व लाच. सारा संदर्भ न्यायनिवाड्याचा! तेव्हा येथील वैरी बहुधा परराष्ट्रातील शत्रू नसून वेशीत आपल्याविरुद्ध दावा लावून बसलेला गावकरीच असावा. बांधावरून, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून किंवा वडिलोपार्जित घरातील एका खोलीवरून ज्याच्याशी वर्षानुवर्षे कोर्टाच्या तारखा चालू आहेत, असा मनुष्य आपल्यापैकी कित्येकांच्या परिचयाचा आहे. कधी कधी तो त्याच मंडळीत, आपल्यापुढे दोन बाके सोडून बसलेला असतो.

ओझ्याखाली दबलेले गाढव एकट्याने उठविणे कठीण. एकाने एका बाजूने व दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने हात लावावा लागतो. दावा मागे घ्या, असे हे वचन त्या दोघांना सांगत नाही. ते त्यांना एकाच गाढवाच्या दोन बाजूंस उभे करते. हीच आज्ञा अनुवाद २२:१-४ मध्ये पुन्हा येते, परंतु तेथे ‘वैरी’ हा शब्द नाही. त्याच्या जागी ‘भाऊ’ आहे.

येशूने हेच पुढे नेले. मत्तय ५:४५ मध्ये त्याने ऊन व पाऊस यांचा दाखला दिला. देव दुष्टाच्या शेतावरही पाऊस पाडतो, पण म्हणून दुष्टाई त्याला आवडते असे नाही. तो मनुष्य आपणास आवडू लागावा, अशीही मागणी येथे नाही. त्याचे भले करणे व त्याच्यासाठी प्रार्थना करणे, एवढे मागितले आहे. आणि तेही थोडे नव्हे.

वैर रक्ताचे असेल तर?

बांधाचे भांडण निराळे आणि घरातील माणसे मारली जाणे निराळे. २२-२३ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातील मनोहरपूर गावी मिशनरी ग्रॅहम स्टेन्स व त्यांचे फिलिप आणि तिमथी हे दोन पुत्र गाडीत झोपले असता त्यांना जिवंत जाळण्यात आले. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले व कन्येसह बारिपदा येथेच राहून कुष्ठरोग्यांची सेवा पुढे काही वर्षे चालविली. तथापि खटला थांबला नाही. मुख्य आरोपीस झालेली फाशीची शिक्षा २००५ मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जन्मठेप कायम केली.

यात विसंगती आहे का? नाही. पौलाने स्वतः सूड घेण्यास मनाई केली (रोमकर १२:१९), आणि लगेच पुढच्या अध्यायात अन्याय करणाऱ्यास शिक्षा देण्याचे काम अधिकाऱ्यांकडे असल्याचे लिहिले. (१३:४) मार खाणाऱ्या पत्नीने किंवा धमक्या येणाऱ्या कुटुंबाने पोलीस ठाण्यात जाऊ नये, असे सांगण्यासाठी वैऱ्यावरील प्रीतीची आज्ञा पुढे करणे हा वचनाचा विपर्यास होय. दुर्दैवाने तो आपल्यात होतो.

प्रीती केल्याने वैरी बदलतो का? अलीशाने हाती सापडलेल्या अरामी सैन्याला शोमरोनात जेवू घालून परत पाठविले, आणि अरामी टोळ्यांच्या धाडी थांबल्या. (२ राजे ६:२३) इतके वाचून आपण आनंदाने ग्रंथ मिटतो. परंतु पुढच्याच वचनात, काही काळानंतर, अरामाचा राजा बेन-हदाद सर्व सैन्यानिशी त्याच शोमरोनाला वेढा घालतो. रोमकर १२:१८ मध्ये सर्वांशी शांतीने राहण्याविषयी लिहिताना पौलाने दोन अटी घातल्या, त्या यामुळेच समजतात: शक्य असेल तर, आणि आपल्याकडून होईल तितके.