गोदावरी समुद्रास काय नेते

आषाढ-श्रावणांत गोदाकांठीं उभें राहून पुराचें पाणी पाहिलें, तर तें काढ्यासारखें काळसर-तांबूस दिसतें. तेंच पाणी मार्गशीर्षांत निवळून जातें. यावरून पुष्कळांचा असा समज होतो कीं, पूर ओसरला म्हणजे जमिनीचें नुकसान थांबलें. हा समज अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा खतांच्या हिशेबांत नडतो. म्हणून त्याचा येथें विचार करूं.

पुराचें थोडें पाणी कांचेच्या भांड्यांत दोन दिवस न हलवितां ठेवावें. प्रथम वाळू व मागाहून बारीक माती तळाशीं बसते. वरची निवळ हलक्या हातानें काढून स्वच्छ भांड्यांत आटविली, तर पांढुरका थर उरतो. न्हाणीघरांतील बंबाच्या आंतून जो थर खरवडून काढावा लागतो, तो याच जातीचा. पहिलें द्रव्य पाण्याबरोबर वाहतें. दुसरें पाण्यांत विरघळून जातें व डोळ्यांस दिसत नाहीं.

हें विरघळणें असें घडतें. कर्बाम्लवायु पावसाच्या पाण्यांत थोडा असतो. पण मुळ्यांच्या व सूक्ष्म जंतूंच्या श्वासोच्छ्वासामुळें जमिनींत तो कितीतरी अधिक मिळतो. त्यायोगें पाणी सौम्य आम्ल बनून खडक झिजवितें. गोदावरीच्या खोऱ्याचा जवळजवळ अर्धा भाग काळ्या पाषाणाचा आहे. त्यांतून चुना, मॅग्नेशिया, सोडा व सिलिका सुटून पाण्यांत उतरतात. कमी पावसाच्या मुलखांत कांहीं चुना वाटेंतच साकळतो. काळ्या रानांत नांगरास लागणारे चुनखडीचे खडे ते हेच.

जगांतील नद्या मिळून दरसाल सुमारें ४ अब्ज टन द्रव्य विरघळलेल्या रूपानें समुद्रास नेतात; गाळ याच्या चौपट-पांचपट असतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील मोजणींत गोदावरीचा गाळ दरसाल सुमारें १७ कोटी टन भरला, आणि त्यांतील बहुतेक पावसाळ्यांतच वाहिला. खोऱ्याचें क्षेत्र सुमारें ३ लक्ष १३ हजार चौरस किलोमीटर आहे. म्हणजे सरासरी एकरीं दोन टनांहून थोडा अधिक. हा आंकडा मुखाकडे पोंचलेल्या मातीचा झाला. शेताबाहेर पडलेली माती याहून जास्त, कारण ओढ्यांत, पात्रांत व धरणांत ती पुष्कळ अडून बसते. १९७६ सालीं पैठणास जायकवाडी धरण पुरें झालें. अशीं धरणें वाढलीं तसा मुखाकडे जाणारा गाळ बराच घटला. शेतांतून तो निघावयाचा थांबला, असें मात्र कोणी समजूं नये.

आतां मुखाशीं काय होतें तें पाहूं. धवळेश्वरच्या बंधाऱ्याखालीं गौतमी व वसिष्ठा या फांट्यांनीं नदी बंगालच्या उपसागरास मिळते. खारें पाणी लागतांच चिकणमातीचे कण, फिटकरी फिरविल्यावर व्हावें तसे, एकमेकांस चिकटून खालीं बसतात. तेथील भाताच्या सुपीक जमिनी गोदावरीच्या गाळानेंच बनल्या आहेत. विरघळलेलें द्रव्य पुढें जातें: चुना शिंपल्यांच्या व प्रवाळांच्या कवचांत, सिलिका कांचेसारखें कवच करणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींत अडकते, आणि सोडा समुद्राच्या खारेपणांत भर घालीत सांचत राहतो.

खतांचीही अशीच दोन वाटांनीं पांगापांग होते. स्फुरद बहुतांशीं मातीच्या कणांस चिकटून गाळाबरोबर जातें. नायट्रेटच्या रूपांतील नत्र चिकणमातीस धरून ठेवतां येत नाहीं, तें निवळ पाण्यांतूनच झिरपतें. समपातळीचे बांध घातले व उतारास आडवी पेरणी केली, तर माती आणि स्फुरद दोन्ही राहतात. पण बांधानें अडलेलें पाणी मुरतांना नत्र घेऊन विहिरींत व ओढ्यांत उतरूं शकतें. त्यास उपाय निराळा. सगळें नत्र पेरणीबरोबर न टाकतां पीक उभें राहिल्यावर हप्त्यानें द्यावें.

रब्बी ज्वारीकरितां पावसाळाभर उघड्या राखलेल्या रानाची आम्हांस अधिक काळजी वाटते. तेथें मातीही जाते, आणि मुळ्या नसल्यामुळें जमिनींत तयार झालेलें नायट्रेटही. शक्य असेल तेथें मुगासारखें लवकर हातीं येणारें पीक घ्यावें. थोड्या पावसाच्या गांवीं तें रब्बीची ओल खाईल, हें आम्ही जाणतों. तेथें निदान बांधाची फुटतूट वेळेवर सांधावी आणि कुळवाच्या पाळ्या उतारास आडव्याच द्याव्या.