वेरुश-कोवाल्स्कीचा हिवाळा

ज्या काळी युरोपच्या नकाशावर पोलंड हे नाव नव्हते, त्या काळी आल्फ्रेड वेरुश-कोवाल्स्की (१८४९–१९१५) याने पोलंडचा हिवाळा रंगविला. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी १७९५ पर्यंत तो देश वाटून घेतला होता. रशियाच्या अमलाखालील सुवाऊकी येथे जन्मलेला हा चित्रकार वॉर्सा व ड्रेस्डेन येथे शिकून म्युनिकला गेला आणि तेथेच स्थायिक झाला.

त्याचे विषय मोजकेच : स्लेज, घोडागाड्या, चौखूर उधळलेले घोडे, पाठलाग करणारे लांडगे. परंतु वाचकाने प्रथम घोड्यांकडे न पाहता जमिनीकडे पाहावे. तेथील हिम निव्वळ पांढरे क्वचितच असते. चाकोऱ्यांत ते निळसर करडे होते, खुरांनी तुडविलेल्या जागी मातकट. गाडीचा वेग आधी या चाकोऱ्यांवरून कळतो. मागे वळलेले कान आणि फुललेल्या नाकपुड्या नंतर दिसतात. (येथे ‘बर्फ’ लिहिताना प्रस्तुत अनुवादकाची लेखणी अडखळली. बोम्मसंद्रा असो की सोलापूर, बर्फ म्हणजे उसाच्या रसातला खडा! म्हणून ‘हिम’.)

लांडग्यांच्या चित्रांत गाडी वाचली की नाही, हे तो सांगत नाही. जर्मनी-अमेरिकेतील ग्राहकांनी ही चित्रे हौसेने घेतली; त्यांना ती रोमहर्षक वाटली असतील. म्युनिकच्या चित्रशाळेत बसून रंगविणाऱ्यासाठी मात्र तो आठवणीतला रस्ता होता. १९१५ मध्ये तो म्युनिक येथेच वारला. पोलंड स्वतंत्र झाला तो १९१८ मध्ये.