ठिणगीची वेळ : सीएनजी वाहनांच्या इंजिनाचे टायमिंग

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे खाडीच्या पूर्व काठावरील भातशेती व मिठागरांच्या भूमीवर नवी मुंबईची उभारणी सुरू झाली. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा, वाशीचा घाऊक बाजार आणि १९८९ मध्ये कार्यान्वित झालेले न्हावा-शेवा बंदर यांमुळे या नगरात वाहनांचा राबता अखंड वाढत गेला. रिक्षा, टॅक्सी व लहान मालवाहू गाड्या यांवर हजारो कुटुंबांचा चरितार्थ चालतो. त्यांपैकी अनेक वाहने आज संपीडित नैसर्गिक वायूवर, म्हणजे सीएनजीवर धावतात.

या इंधनाकडे झालेल्या वाटचालीमागे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न होता. मुंबईतील वाहनांच्या धुराविरुद्ध दाखल झालेल्या जनहित याचिकेच्या संदर्भात मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यानंतरच्या काळात जुन्या टॅक्सी व रिक्षा सीएनजीवर आणण्यास चालना मिळाली. मात्र इंधन बदलले म्हणजे काम पुरे झाले, असे नव्हे. पेट्रोलसाठी घडविलेल्या इंजिनात वायू जाळावयाचा, तर ठिणगी पडण्याची वेळही बदलावी लागते. या लहानशा बाबीकडे दुर्लक्ष झाल्यास सीएनजीचा निम्मा लाभ वाया जातो.

ठिणगी आधी का पडते?

सिलिंडरमधील इंधन व हवा यांचे मिश्रण पेटण्यास काही काळ लागतो. दट्ट्या सर्वांत वरच्या स्थानी पोहोचल्यानंतर सुमारे १० ते १५ अंशांवर ज्वलनाचा दाब कमाल असावा, तरच तो दट्ट्याला पुरेपूर जोराने खाली ढकलतो. म्हणून ठिणगी दट्ट्या वर पोहोचण्यापूर्वीच पाडावी लागते. यालाच कारागीर ‘अॅडव्हान्स’ म्हणतात आणि तो क्रँकशाफ्टच्या अंशांत मोजतात.

एक साधा हिशेब पाहावा. ज्वलनास २ मिलिसेकंद लागतात असे धरले, तर मिनिटाला ९०० फेऱ्यांच्या वेगाने क्रँकशाफ्ट तेवढ्या वेळात सुमारे ११ अंश फिरतो. ३,००० फेऱ्यांना ३६ अंश. वेग वाढला की मिश्रणाची घुसळण वाढून ज्वलनही जलद होते, त्यामुळे प्रत्यक्षातील फरक याहून कमी असतो. तथापि वेगाबरोबर ठिणगी अधिक आधी पडावी लागते, हे तत्त्व कायम राहते.

नैसर्गिक वायूचा मुख्य घटक मिथेन होय. त्याचे मिश्रण पेट्रोलच्या मिश्रणापेक्षा सावकाश जळते. म्हणून त्याला ठिणगी काही अंश आधी हवी असते. उलट, नॉकिंगला म्हणजे इंजिनातील धातूच्या खडखडीला तो पेट्रोलपेक्षा पुष्कळ अधिक दाद देत नाही. त्यामुळे हा वाढीव अॅडव्हान्स वायूवर निर्धोकपणे देता येतो.

यंत्राची भूमिका

पूर्वीच्या प्रीमिअर पद्मिनी टॅक्सीत मेस्त्री डिस्ट्रिब्युटर हाताने फिरवून टायमिंग बसवीत असे. आजच्या वाहनात हे काम संगणकाकडे आहे. क्रँकशाफ्टवरील दातेरी चक्राजवळ एक सेन्सर असतो. ६० दात्यांच्या जागी २ दाते गाळलेले चक्र अनेक गाड्यांत आढळते. प्रत्येक दात्याची जागा ६ अंशांची असते आणि मोकळ्या जागेवरून संगणकास क्रँकशाफ्टची स्थिती कळते.

सीएनजी किटबरोबर मिळणारा टायमिंग अॅडव्हान्स प्रोसेसर या सेन्सरचा संकेत अडवून तो काही अंश पुढे सरकवितो. मूळ संगणकास वाटते की क्रँकशाफ्ट थोडा पुढे गेला आहे, आणि तो ठिणगी लवकर पाडतो. येथेच फसगतीची शक्यता असते. तपासणीच्या पडद्यावर मूळ संगणक २० अंश दाखवीत असेल आणि प्रोसेसरने ८ अंश वाढविले असतील, तर प्रत्यक्ष ठिणगी २८ अंशांवर पडत असते. पडद्यावरील आकडा हा संगणकाचा समज असतो, इंजिनातील वस्तुस्थिती नव्हे.

टायमिंग बसविण्याची रीत

वस्तुस्थिती सांगणारे साधन म्हणजे टायमिंग लाइट. त्याचा चिमटा पहिल्या सिलिंडरच्या तारेवर बसविला की प्रत्येक ठिणगीसरशी दिवा लखलखतो आणि फिरत्या पुलीवरील खूण स्थिर भासते. प्लगवरच कॉइल बसविलेल्या गाड्यांत तारच नसते. तेथे मध्ये जोडतार घालावी लागते.

प्रथम पहिला दट्ट्या खरोखर वरच्या टोकाला असताना पुलीची खूण शून्यावर येते ना, हे पडताळावे. जुन्या पुलीचा रबरी भाग सरकून खूण चुकलेली असू शकते. नंतर गाडी पेट्रोलवर ठेवून मिनिटाला सुमारे २,५०० फेऱ्यांच्या स्थिर वेगाने टायमिंग नोंदवावे. त्याच वेगाने वायूवर पुन्हा नोंदवावे. दोहोंतील फरक प्रोसेसरवर निवडलेल्या अंशांइतका असला पाहिजे. मंद गतीवर संगणक इंजिन स्थिर राखण्यासाठी टायमिंग सतत हलवीत असतो; म्हणून त्या गतीवरील तुलना भरवशाची नसते. शेवटी गाडी पेट्रोलवर आणून टायमिंग मूळ जागी परतते, याची खात्री करावी. न परतल्यास पेट्रोलवर नॉकिंग होऊन दट्ट्यास इजा पोहोचते.

मूळ संगणक काढून संपूर्ण स्वतंत्र नियंत्रक बसविला असेल, तर एक पायरी वाढते. नियंत्रकात टायमिंग १० अंशांवर रोखून ठेवावे आणि दिवाही १० अंशच दाखवीपर्यंत सेन्सरच्या स्थितीचा आकडा दुरुस्त करावा. मग वेग वाढवून पाहावा. खूण सरकू लागली, तर सेन्सरच्या तारा उलट जोडल्या असण्याचा संभव असतो. ही पायाभरणी झाल्याखेरीज वेग व भार यांनुसार अंशांचे कोष्टक भरण्यात अर्थ नाही. पाया ५ अंशांनी चुकला, तर कोष्टकातील प्रत्येक आकडा ५ अंशांनी चुकतो.

चुकीची किंमत

वायूवर ठिणगी उशिरा पडली, तर इंजिनाचा जोर घटतो, वायू अधिक लागतो आणि एक्झॉस्ट अधिक तापून व्हॉल्व्हचे आयुष्य कमी होते. हा भुर्दंड चालकाच्या रोजच्या कमाईतून जातो. पीयूसी तपासणीत तो सहसा उघड होत नाही, कारण तेथे गाडी भाराविना उभी असताना कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांचे प्रमाण मोजले जाते. प्रमाणपत्र मिळाले म्हणजे टायमिंग बरोबर, असा निष्कर्ष काढता येत नाही.

कायदा आणि दक्षता

वाहनातील असा बदल मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ च्या कक्षेत येतो. किट मान्यताप्राप्त असावे आणि इंधनबदलाची नोंद नोंदणी प्रमाणपत्रात करून घ्यावी. वायूच्या टाकीची दर ३ वर्षांनी चाचणी आवश्यक आहे. टायमिंग पाहताना गाडी मोकळ्या हवेत ठेवावी, तारा व सैल कपडे पंख्यापासून दूर राखावेत आणि वायूची गळती नाही हे आधी तपासावे.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांनी हा पाठ प्रत्यक्ष इंजिनावर द्यावा. पनवेल व उरण तालुक्यांतील पंचायत सदस्यांनी आपल्या गावच्या रिक्षाचालकांना किट बसविल्यावर एक प्रश्न विचारावयास शिकवावे : ‘टायमिंग दिव्याने तपासले का?’ एवढ्या एका प्रश्नाने इंधनाची बचत होईल, इंजिन टिकेल आणि स्वच्छ इंधनामागील मूळ हेतूही सफल होईल.