रेडिओ स्टेशनचा ‘पहिला नंबर’ : आकडे कसे वाचावेत?

ईद-दिवाळीच्या तोंडावर रेडिओच्या जाहिराती गोळा करणारे प्रतिनिधी बाजारात फिरू लागतात. प्रत्येकाच्या बॅगेत एक तक्ता असतो आणि त्या तक्त्यात त्याचेच स्टेशन पहिल्या नंबरावर असते. एकाच शहरात दोघे पहिले कसे, असा प्रश्न मेनरोड, भद्रकाली, दूधबाजारातील आपल्या व्यापारी बांधवांना पडतो. बहुतेक वेळा दोघांपैकी कोणी खोटे बोलत नसतो. दोघांनी मापे वेगळी लावलेली असतात. आम्ही कापडवाले. गज आणि मीटर यांतला फरक न पाहता भाव ठरवणारा माणूस कसा तोट्यात जातो, हे आम्ही रोज पाहतो. जाहिरातीचेही तसेच आहे.

मोजणी कशी सुरू झाली

१ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवरून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. तेव्हा देशात खासगी स्टेशने नव्हती, म्हणून तुलनेचा प्रश्नही नव्हता. १९९३ मध्ये आकाशवाणीने मुंबई व दिल्लीच्या एफएमवरील काही वेळ खासगी कंपन्यांना दिला. २००२ मध्ये मुंबईत रेडिओ मिरची, रेडिओ सिटी, रेड एफएम अशी खासगी स्टेशने आली आणि चढाओढ लागली. २००७ मध्ये टॅम मीडिया रिसर्च या संस्थेने ‘रॅम’ नावाची मोजणी सुरू केली. दर आठवड्याची ही मोजणी मुंबई, दिल्ली, बंगळूर व कोलकाता या चार शहरांची होती. निवडलेल्या श्रोत्यांना एक डायरी दिली जाई. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने असत. कोणते स्टेशन ऐकले ते श्रोत्याने त्यात भरायचे.

दोन मापे

समजा, शहरातील ५०० माणसांची आठवडाभर नोंद घेतली. ‘अ’ स्टेशन १५० जणांनी ऐकले, प्रत्येकाने सरासरी २ तास. म्हणजे ३०० तास. ‘ब’ स्टेशन ९० जणांनीच ऐकले, पण प्रत्येकाने ५ तास; म्हणजे ४५० तास. सगळी स्टेशने मिळून १५०० तास ऐकली गेली असे धरू.

‘अ’ शंभरातील ३० माणसांपर्यंत पोचले, ‘ब’ १८ पर्यंत. या मापाला ‘पोच’ म्हणू. पोचीत ‘अ’ पहिला. पण ऐकलेल्या एकूण तासांत ‘अ’चा वाटा २० टक्के आणि ‘ब’चा ३० टक्के. वाट्यात ‘ब’ पहिला. दोघांचेही तक्ते खरे!

मग आपण कोणता धरावा? चार दिवसांचा सेल लावायचा असेल, तर खबर जास्त माणसांना लागली पाहिजे. तिथे पोच पाहावी. दुकानाचे नाव वर्षभर कानावर राहावे असे वाटत असेल, तर तेच श्रोते पुन्हा पुन्हा ऐकतात ते स्टेशन बरे. तिथे वाटा पाहावा.

थोड्या फरकाला भुलू नये

५०० जणांच्या पाहणीत एखादे स्टेशन २० टक्के लोक ऐकतात असे निघाले, तर खरा आकडा साधारण साडेसोळा ते साडेतेवीसच्या दरम्यान असू शकतो. म्हणजे २० आणि १८ टक्क्यांची स्टेशने बरोबरीचीच समजावीत. ‘बायकांमध्ये आमचे स्टेशन पहिले’ असे कोणी सांगितले, तर पाहणीत बायका किती होत्या हे विचारावे. त्या ६० असतील, तर फरक दहा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतो.

नमुन्यात कोण आहे?

थानाची पारख एकाच टोकावरून होत नाही. अमेरिकेत आर्बिट्रॉन या कंपनीने डायरीऐवजी अंगावर बाळगायचे छोटे यंत्र आणले, तेव्हा काळ्या व स्पॅनिश भाषिक श्रोत्यांच्या स्टेशनांचे आकडे घसरले. या समाजांतील माणसे नमुन्यात पुरेशी घेतलेली नाहीत, अशी तक्रार झाली. ऑक्टोबर २००८ मध्ये न्यूयॉर्क राज्याने कंपनीवर दावा लावला आणि जानेवारी २००९ मध्ये समझोता होऊन कंपनीने नमुना सुधारण्याचे कबूल केले. यंत्र नवे असले तरी निवड चुकली की हिशेब चुकतो. आपले गिऱ्हाईक शिलाईच्या कारखान्यात, वडाळ्याच्या घराघरांत, सातपूर-अंबडच्या पाळीवर, रिक्षात आहे. ते मोजले गेले का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

नाशिकच्या दुकानदाराने काय करावे

नाशकात आकाशवाणीचे केंद्र आहे, शिवाय मिरची, रेड एफएम अशी खासगी स्टेशने आहेत. पण मुंबईचा तक्ता दाखवून नाशकातला भाव मागितला, तर तो मान्य करू नये. मुंबईतला नंबर नाशकाला लागू होत नाही. त्यापेक्षा पुढील गोष्टी कराव्यात.

१. तक्ता कोणत्या शहराचा, कोणत्या महिन्याचा, किती माणसांचा आणि दिवसाच्या कोणत्या वेळेचा, हे लिहून घ्यावे.

२. आपली पाहणी आपण करावी. दोनशे माणसांना दोनच प्रश्न विचारावेत : काल कोणते स्टेशन ऐकले? किती वाजता? ‘आवडते स्टेशन कोणते’ असे विचारू नये. लोक ऐकतात एक आणि नाव सांगतात दुसरेच. फक्त दुकानातल्या गिऱ्हाइकांना विचारून भागत नाही, ते तर आलेलेच असतात. चहाच्या टपरीवर, रिक्षा स्टँडवर, कारखान्यातही विचारावे. स्त्री-पुरुष आणि शहर-खेडे असे रकाने वेगळे ठेवावेत.

३. मालेगाव, मनमाड, येवल्याहून गिऱ्हाईक येत असेल, तर तिथे ते स्टेशन स्वच्छ लागते का, हे एखाद्या ओळखीच्या माणसाकडून तपासून घ्यावे.

४. भाव दहा सेकंदांचा असतो. तो त्या वेळेच्या श्रोत्यांवर वाटून पाहावा. समजा ‘अ’चा भाव ३०० रुपये आणि त्या वेळी श्रोते ४० हजार, तर हजार श्रोत्यांमागे साडेसात रुपये पडले. ‘ब’चा भाव २०० आणि श्रोते २० हजार, तर दहा रुपये पडले. म्हणजे स्वस्त वाटणारा ‘ब’च महाग ठरला.

५. जाहिरात लागल्यावर महिनाभर नव्या गिऱ्हाइकाला ‘आमचे नाव कुठे ऐकले?’ असे विचारून वहीत नोंद ठेवावी. पुढच्या हंगामात प्रतिनिधी आला, की त्याच्या तक्त्याशेजारी ही वही उघडावी आणि मगच भाव बोलावा. छोट्या दुकानदाराचे दहा-पंधरा हजार म्हणजे हंगामातला मोठा हिस्सा असतो. तो देण्याआधी इतकी चौकशी केलीच पाहिजे.