टाकाऊ दगडांची बाग

नदीवर आपण सगळेच जातो. तिथे वाळूत गोटे पडलेले असतात. धुणे धुवायला एखादा चपटा दगड आपण घेतो. चुलीला तीन दगड उचलतो. पोरे दगडावर दगड रचतात नि पाडतात. बाकीच्या दगडांकडे कोण बघतो?

पण एका माणसाने बघितले. त्याची ही खरी हकीकत आहे.

त्यांचे नाव नेकचंद. ते 1924 साली पंजाबातल्या एका खेड्यात जन्मले. 1947 साली देशाची फाळणी झाली. त्यांचे गाव पाकिस्तानात गेले. घरदार सोडून नेकचंद इकडे आले. पुढे चंडीगड हे नवे शहर बांधायला घेतले. तिथे बांधकाम खात्यात त्यांना नोकरी लागली. रस्त्यांच्या कामावर देखरेख करायची, एवढेच त्यांचे काम.

नवे शहर वसवायचे म्हणून तिथली कित्येक खेडी उठवली होती. घरे पाडली होती. फुटकी मडकी, कौले, काकणांचे तुकडे, कपबश्या यांचे ढीग पडले होते. लोकांना तो कचरा वाटे. गाव सुटण्याचे दुःख नेकचंदांना ठाऊक होते. ते सायकलवर बसून जात आणि त्यातल्या वस्तू गोळा करून आणीत. नदीनाल्यांतून वेड्यावाकड्या आकाराचे दगड आणीत. एखादा दगड त्यांना माणसासारखा दिसे, एखादा पक्ष्यासारखा. आपण नाही का, शेंदूर लावलेल्या दगडात देव बघत? तशीच ही नजर.

शहराच्या कडेला सरकारी जंगल होते. तिथे कुणी काही बांधू नये असा कायदा होता. नेकचंदांनी तिथेच झाडीत जागा साफ केली. दगड मांडले. सिमेंटच्या मूर्ती केल्या. मूर्तींना फुटक्या काकणांचे कपडे चढवले! दिवसा नोकरी, रात्री हे काम. उजेडाला जुने टायर जाळायचे. पंधराएक वर्षे हे चालले. बाहेर कुणाला पत्ता नव्हता.

1975 च्या सुमारास सरकारी माणसांनी ती जागा पाहिली. तोवर बारा एकरांत शेकडो मूर्ती उभ्या होत्या. आता काय करायचे? कायद्याने बघितले तर सगळे पाडायला हवे. शिवाय सरकारी नोकरानेच कायदा मोडलेला. नोकरी गेली असती तर कुणाला दोष देणार?

पण लोक बघायला आले आणि थक्क झाले. अधिकाऱ्यांनीही विचार केला. या माणसाने तिथे आपले घर बांधले नाही. जमीन विकली नाही, एक पैसा मिळवला नाही. मग 1976 साली ती बाग सर्वांसाठी खुली झाली. नेकचंदांना त्याच कामाचा पगार मिळू लागला. हाताखाली पन्नास मजूर मिळाले. 1984 साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

तरी संकट टळले नव्हते. पुढे 1990 च्या सुमारास रस्त्यासाठी बागेचा काही भाग पाडायचे ठरले. यंत्रे आली. तेव्हा शहरातले लोक हातात हात घालून आडवे उभे राहिले. बाग वाचली.

2015 साली नेकचंद वारले. बाग मात्र आहे. लोक तिला रॉक गार्डन म्हणतात. रॉक म्हणजे खडक, गार्डन म्हणजे बाग. आज ती पंचवीस एकरांहून मोठी आहे.

मंडळी, यातून काय घ्यायचे? सरकारी जागा बळकावावी, असे मुळीच नाही. गायरान, नदीकाठ, पाणवठा हे सर्वांचे. ते एकाने दाबले तर गावाचे नुकसान होते. नेकचंदांनीही कायदा मोडलाच, हे झाकून ठेवू नये. पण जे केले ते शेवटी सर्वांचे झाले. म्हणून तर लोक त्यासाठी यंत्रापुढे उभे राहिले. स्वतःपुरते केले असते तर कोण आले असते?

प्रश्न

1. नेकचंद कोणकोणत्या वस्तू गोळा करीत?
2. त्यांनी कोणता कायदा मोडला?
3. तुम्ही त्या जागी अधिकारी असता तर काय केले असते? आपसात बोला. मग पाटीवर दोन ओळी लिहा.