कोऱ्या नोंदी ‘लठ्ठ’ कशा ठरल्या?

प्रश्न : प्रबंधासाठी स्टाटा या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये बीएमआय काढला. तो २५ च्या वर असल्यास १ (लठ्ठ), नाहीतर ० असे नवे चल केले. पण वजनच न नोंदवलेल्यांनाही १ मिळाला. असे का?

उत्तर : स्टाटामध्ये कोरी नोंद कोणत्याही संख्येपेक्षा मोठी मानली जाते. त्यामुळे ‘२५ पेक्षा जास्त’ ही अट तिथेही खरी ठरते. ‘जनरेट’ आज्ञेच्या शेवटी ‘इफ’ लावून, बीएमआय उपलब्ध असेल तरच, अशी अट घाला. कोरी नोंद कोरीच राहील. नंतर नव्या चलाचा तक्ता कोऱ्या नोंदींसह काढा. कोऱ्या नोंदींची संख्या बीएमआयच्या रकान्यातील कोऱ्या नोंदींशी जुळलीच पाहिजे. हा ताळा जमल्याशिवाय पुढच्या विश्लेषणाला हात लावू नका.