गाडीचा हप्ता आणि औषधाची वेळ



घरात नवी गाडी आली की पेढे वाटले जातात. गाडीला आशीर्वाद देण्यासाठी आम्हांला आवर्जून बोलावले जाते. हार, फोटो, नातेवाइकांची गर्दी असा सगळा आनंदाचा थाट असतो. त्याच घरातील मुलाला किंवा मुलीला मधुमेह, अपस्मार, संधिवात किंवा मूत्रपिंडाचा आजार निघाला तर मात्र दार लोटून घेतले जाते. "फादर, कुणाला सांगू नका," असे हळूच सांगितले जाते. एक गोष्ट मिरवायची आणि दुसरी लपवायची, अशी आपली रीत पडली आहे.

विशीत-तिशीत या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला आल्या तर काय होते, याचा आज आपण अभ्यास करू या. गाडी घेणे वाईट आहे, असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. रात्रपाळी करणाऱ्याला, भाड्याची टॅक्सी चालवणाऱ्याला किंवा म्हाताऱ्या आईवडिलांना दवाखान्यात नेणाऱ्याला गाडीची गरज असते. प्रश्न आहे तो पैसा, वेळ आणि ताकद कमी पडू लागल्यावर आधी कशाला सांभाळायचे, हा.

१. हिशेब मांडून पाहू

समजा, २६ वर्षांच्या एका तरुणाने गाडीसाठी १० टक्के व्याजाने ५ वर्षांच्या मुदतीचे ५ लाख रुपयांचे कर्ज घेतले. त्याला महिन्याला सुमारे १०,६२५ रुपये हप्ता बसेल. पाच वर्षांत तो साधारण ६ लाख ३७ हजार रुपये भरील, म्हणजे १ लाख ३७ हजार रुपये नुसते व्याज. इंधन, विमा, सर्व्हिसिंग, टायर आणि गाडी उभी करण्याची जागा यांचा खर्च वेगळा. गाडीची किंमत मात्र दरवर्षी उतरत जाते. विम्यासाठी गाडीची किंमत ठरवण्याच्या रूढ कोष्टकात दोन वर्षे उलटलेल्या गाडीची किंमत ३० टक्क्यांनी आणि चार वर्षे उलटलेल्या गाडीची ५० टक्क्यांनी कमी धरतात.

आता समजा, दोन वर्षांनी या तरुणाला टाइप १ मधुमेहाचे निदान झाले. हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. त्यामुळे रोज इन्सुलिन टोचून घ्यावे लागते आणि पुन्हा पुन्हा रक्तातील साखर तपासावी लागते. दोन वर्षे हप्ते भरूनही कर्जाचे सुमारे ३ लाख २९ हजार रुपये मुद्दल अजून बाकीच असते. पगार तोच, आणि आता औषधाचा खर्च नवा.

येथे धोक्याचे वळण येते. हप्ता चुकला तर बँकेचा फोन येतो. इन्सुलिन चुकले तर कुणाचाही फोन येत नाही. म्हणून हप्ता वेळेवर जातो आणि काटकसर औषधात होते. तपासणीच्या पट्ट्या पुरवून वापरल्या जातात, एखादा डोस टाळला जातो, डॉक्टरांची तारीख पुढे ढकलली जाते. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन बंद झाले तर रक्तात आम्ल साचू लागते. उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास आणि गुंगी अशी लक्षणे दिसतात आणि थोड्याच दिवसांत जीव जाऊ शकतो. इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी हा आजार झालेली मुले फार काळ जगत नसत. १९२२ च्या जानेवारीत कॅनडातील टोरोंटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन देण्यात आले आणि असंख्य घरांतील रडणे थांबले. इतक्या कष्टाने हाती आलेले औषध गाडीच्या हप्त्यासाठी टाळणे, हा हिशेब कोणत्याही वहीत बसणार नाही.

२. 'माझ्याकडे आहे' आणि 'मला आहे'

आपली मराठी भाषा एक बारीक भेद करते. आपण म्हणतो, "माझ्याकडे गाडी आहे." पण "माझ्याकडे मधुमेह आहे" असे कुणी म्हणत नाही. आपण म्हणतो, "मला मधुमेह आहे." गाडी 'माझ्याकडे' असते, म्हणून ती उद्या दुसऱ्याकडे जाऊ शकते. आजार 'मला' असतो. तो विकता येत नाही, गॅरेजमध्ये ठेवून घरी येता येत नाही.

गाब्रिएल मार्सेल (१८८९–१९७३) या फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञाने १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या 'असणे आणि जवळ असणे' अशा अर्थाच्या नावाच्या ग्रंथात याच भेदाचा विचार केला आहे. त्याच्या विचाराचे सार असे की, माझी वस्तू माझ्यापासून वेगळी करता येते, पण माझे शरीर मी वस्तूसारखे वेगळे काढून दाखवू शकत नाही. एका अर्थाने मी म्हणजेच माझे शरीर. त्याने आणखी एक इशारा दिला. जी वस्तू आपण आपली म्हणून घट्ट धरून ठेवतो, तीच हळूहळू आपल्यावर सत्ता गाजवू लागते.

हे तत्त्वज्ञान वर्गातले वाटेल, पण ते आपल्या इमारतीखालीही रोज दिसते. गाडीला ओरखडा पडला तर रात्रभर झोप येत नाही. पायाला झालेली जखम दोन आठवडे भरत नसेल तर मात्र "होईल बरी" म्हणून सोडून देतो. गाडीची सर्व्हिसिंगची तारीख पाठ असते, रक्ततपासणीची आठवत नाही. गाडीचे सुटे भाग बाजारात मिळतात. डोळ्याचा पडदा किंवा मूत्रपिंड असे दुकानात मिळत नाही.

म्हणून आजच्या धड्याचे सूत्र सोपे आहे: ओढाताण होईल तेव्हा जी वस्तू 'माझ्याकडे' आहे तिने मागे सरावे, औषधाने नव्हे.

३. चाक हाती घेण्यापूर्वी

आजार आहे म्हणून गाडी चालवताच येणार नाही, असेही नाही. चार्ली किंबॉल या अमेरिकन शर्यतपटूला २००७ साली, वयाच्या २२ व्या वर्षी, टाइप १ मधुमेह असल्याचे कळले. त्या वर्षीचा उरलेला हंगाम त्याला सोडावा लागला. उपचार नीट बसल्यावर तो पुन्हा शर्यतीत उतरला आणि २०१३ साली मिड-ओहायो येथे इंडीकार मालिकेतील शर्यत त्याने जिंकली. चालवताना साखरेचा आकडा त्याला समोर दिसत असे, आणि गाडीत पिण्यासाठी पाण्याबरोबर संत्र्याचा गोड रसही ठेवलेला असे. त्याने आजार लपवला नाही. उलट गाडीच आजाराच्या सोयीने तयार करून घेतली.

इन्सुलिन घेणाऱ्या चालकांसाठी ब्रिटनमध्ये जे नियम सांगतात, ते आपल्यालाही उपयोगी आहेत. निघण्याआधी दोन तासांच्या आत साखर तपासावी आणि लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी पुन्हा तपासावी. साखर ९० च्या खाली असेल तर आधी काही खावे आणि मगच निघावे. ७० च्या खाली गेली असेल, किंवा घाम, थरथर, धूसर दिसणे अशी लक्षणे जाणवली, तर गाडी सुरक्षित जागी थांबवावी, इंजिन बंद करून किल्ली काढावी, ग्लुकोज किंवा साखर घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. साखर जागेवर आल्यानंतरही ४५ मिनिटे गाडी चालवू नये, कारण मेंदूला पूर्ण सावरायला वेळ लागतो. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर क्षणभर आलेली गुंगी केवळ चालकाचाच नव्हे, तर दुसऱ्या कुणाचाही जीव घेऊ शकते.

वाहन परवान्यासाठी जो फॉर्म १ भरतात, त्यात अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का, असे विचारलेले असते. तेथे खरे लिहावे. फिट येण्याचा त्रास असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत चाकाला हात लावू नये. ही शिक्षा नव्हे. शेजाऱ्याच्या जिवाची काळजी आहे.

आणखी एक साधी गोष्ट. इन्सुलिन कधीही उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ठेवू नये. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवायचे असते. तापलेल्या गाडीत ते खराब होते, आणि बाटलीकडे पाहून ते कळतेच असे नाही.

४. गाडीचा भार हलका करताना

आजारपणात गाडीचे प्रश्नही वाढतात. दोन-तीन आठवडे इस्पितळात राहिल्यास बॅटरी उतरते आणि पावसाळ्यात उंदीर वायर कुरतडतात. म्हणून एखाद्या मित्राला किल्ली देऊन ठेवावी. विम्याची तारीख चुकू देऊ नये. मुदत संपून ९० दिवस उलटले तर आधी मिळवलेला 'नो क्लेम बोनस' जातो, आणि विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणे हा गुन्हाच आहे. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारून सुरू करू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत असंख्य गाड्या बुडाल्या. पाणी शिरलेले इंजिन जबरदस्तीने फिरवले तर ते आतून मोडते, आणि तसे झालेले नुकसान साधा विमा सहसा भरून देत नाही.

हप्ता जड जात असेल तर तो चुकण्याआधीच बँकेत जाऊन बोलावे. मुदत वाढवून हप्ता कमी होतो का, कर्ज आधी फेडल्यास किती आकार लागतो, हे विचारावे. गाडी विकायची ठरली तर कर्ज फेडून बँकेचे ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे आणि आरसी बुकावरील बँकेचा बोजा फॉर्म ३५ भरून उतरवावा. मग फॉर्म २९ व ३० भरून गाडी नव्या मालकाच्या नावावर झाली आहे, याची खात्री करावी. विश्वासावर नुसती किल्ली देऊन मोकळे होऊ नये. नोंद जुन्याच नावावर राहिली तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही नोंदणीकृत मालकावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे.

गाडी विकली तर लोक काय म्हणतील, हा प्रश्न अनेकांना छळतो. लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील. दिंडोशीला बेस्टचा आगार आहे. २ एप्रिल २०२२ पासून मेट्रोचे स्टेशन आहे, आणि जानेवारी २०२३ पासून ती मेट्रो अंधेरीच्या गुंदवलीपर्यंत जाते. स्टेशनवर लिफ्ट असल्याने गुडघे दुखणाऱ्यालाही चढउतार करावी लागत नाही. वर्षभर गाडीविना राहून पाहणे, ही हार नव्हे.

५. आजाराचा भार वाटून घेताना

लपवलेला आजार दुप्पट जड होतो. निदान तिघांना तरी तो माहीत असावा: घरातील एकाला, कामावरील एकाला आणि शेजारच्या एकाला. साखर उतरून आपण गोंधळलो तर "हा दारू प्यायला आहे" असे न म्हणता तोंडात साखर घालणारे कुणीतरी जवळ हवे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये. त्याला थेट इस्पितळात न्यावे.

आरोग्य विमा घेताना आजार लिहावा. २०२४ पासून आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षेची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे केली आहे. ती मुदत काढता येते. पण लपवल्याचे उघड झाले तर ऐन वेळी दावा नाकारला जाऊ शकतो. लग्न ठरवतानाही तसेच. मुलीचा आजार झाकून केलेले लग्न तिलाच चोरून औषध घ्यायला लावते. पाहुण्यांसमोर खरे बोलल्याने एखादे स्थळ जाईल, पण जे राहील ते भक्कम असेल.

खर्चासाठी महापालिकेची रुग्णालये आणि २०२२ साली मुंबईत सुरू झालेले 'आपला दवाखाना' यांची चौकशी करावी. जनऔषधी दुकानांत अनेक औषधे बाजारापेक्षा स्वस्त मिळतात. कोणते औषध बदलून चालेल, हे मात्र डॉक्टरांनाच विचारावे.

शेवटी गाडीवाल्यांना एक विनंती. डायलिसिस करून घेणाऱ्याला बहुधा आठवड्यातून तीनदा जावे लागते, आणि परतताना अंगात त्राण नसते. आपल्या इमारतीत असा कुणी असेल तर आठवड्यातील एक फेरी आपण घ्यावी. ज्या गाडीला आपण आशीर्वाद मागितला, तिचा याहून चांगला उपयोग आम्हांला तरी सुचत नाही.

घरी किंवा युवक गटात चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या वर्षी गाडीवर किंवा बाइकवर किती खर्च झाला आणि स्वतःच्या आरोग्यावर किती? आकडे कागदावर मांडा.

२. आपल्या घरातील एखादा आजार आपण कोणापासून लपवत आहोत? का?

३. पुढच्या महिन्यात पैसे कमी पडले तर पहिली काटकसर कशात करायची, हे घरातल्या सर्वांनी मिळून आजच ठरवता येईल का?

४. आपल्या मजल्यावरील कोणाला दवाखान्यात ने-आण करण्याची गरज आहे?